एका शिंगाचा बैल

खांबेटे साहेबांनी माझा केसाने गळा कापला. लोक म्हणतात, विद्वान माणूस, मुद्दाम नाही करणार. नसेल केलं मुद्दाम. कापला गेला तो गळा माझाच.

साहेब पुण्याचे. भातशेतीवर गावोगाव व्याख्यानं देत हिंडायचे. ज्ञान अफाट, पण बोलायला उभे राहिले की समोरच्याला जांभई आलीच. साजगावच्या सभेत तर अर्ध्या तासात देवळापुढे फक्त पुजारी उरला, तोही कुलूप लावायला. दुसऱ्या दिवशी चौकला माझ्याकडे जेवायला आले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सदू, तू खळ्यावर गोष्ट सांगतोस तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा हलत नाहीत म्हणे. मी बोललो की पळतात. माझं काय चुकतं?"

एवढा शिकलेला माणूस मला विचारतोय म्हटल्यावर मी फुगलो.

"साहेब, तुमी नुसतं 'नुकसान' म्हनता. काय जळलं, कुनाचं जळलं, ते सांगा. नुसता बैल म्हनू नका, कुठला बैल ते सांगा. मग बघा कोन उठतो."

"एखादं उदाहरण दे."

त्यांचा विषय होता राब. भाताचं बी पेरायच्या आधी आम्ही त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतो, तो राब. साहेबांचं म्हणणं, भाजू नका, कुजवून घाला. आणि मी मूर्खानं उदाहरण दिलं ते माझंच, बारा वर्षं पोटात ठेवलेलं.

राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा, म्हणजे आग हळूहळू सरकते. त्या वर्षी मला नेरळला लग्नाला जायची घाई. वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली आणि निघालो. आग बांध ओलांडून शेजारच्या पदूच्या पेंढ्याच्या उडवीत शिरली. तिथं बांधलेला त्याचा बैल जळून मेला. त्या दिवशी कातकऱ्यांच्या काथोडवाडीतला जैतू बांधावर उंदरांच्या बिळात धूर करत होता. पदूला वाटलं, त्यानंच लावली. मी परत आल्यावर म्हणालो, "माझा राब तर सकाळीच इझला व्हता." पदूनं जैतूला आंब्याखाली झोडपलं. जैतू बायकापोरं घेऊन वाडी सोडून गेला, तो परत दिसला नाही.

पदू आणि मी लहानपणापासूनचे जोडीदार. लावणीला आधी त्याचं शेत, मग माझं. मी साहेबांना बजावलं, "हे कुठं बोलू नका. पदू पुन्हा माझं तोंड बघनार नाय." त्यांनी माझा हात हातात घेतला. "कुणाचंही नाव घेणार नाही, सदू."

चौकच्या सभेला पदू माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "याच भागातला एक शेतकरी. लग्नाला जायची घाई."

नाव घेतलं नाही. शब्द पाळला. पण बैल मात्र माझ्या शिकवणीप्रमाणे अगदी पुढ्यात आणून उभा केला. एका शिंगाचा, दुसरं शिंग लहानपणी विहिरीच्या काठावर मोडलेलं. चौकपासून खालापूरपर्यंत तसा बैल एकच होता. शेवटी म्हणाले, "आणि मार कुणी खाल्ला? बांधावर उंदीर धरणाऱ्या एका गरिबानं." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी उठलं नाही. पदूची मांडी तेवढी माझ्या मांडीपासून बाजूला झाली.

टाळ्या पडल्या. साहेब तडक माझ्याकडे आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकही माणूस उठला नाही रे!" पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्यांचं. माझ्या घरचं मीठ खाल्लं होतं या माणसानं. वाटलं, सगळ्यांदेखत एक ठेवून द्यावी.

तेवढ्यात पदू उठला. मला वाटलं, ओरडेल. तो अगदी हळू बोलला.

"बैलाचं सोड. बैल मेला तर दुसरा येतो. जैतूला मी झोडत व्हतो, तवा त्याचं हात मागनं कोनी धरलं व्हतं रं, सदू?"

एवढं मात्र मी साहेबांना सांगितलं नव्हतं.