टेबल वाजलं की विषय मंजूर

मी बोलतेय. जरा हळू बोलते, सांभाळून घ्या. आयुष्यभर माझ्या अंगावर दुसऱ्यांनीच आवाज केला, त्यामुळे स्वतः बोलायची सवय नाही मला.

मी एक चादर आहे. लांबरुंद, लाल रंगाची, काळ्या वेलबुट्टीची. माझा जन्म उज्जैनच्या भैरवगढचा. तिथे घराघरात कापड छापतात. मी कोरी होते तेव्हा मला हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, उन्हात वाळवलं आणि एका लांब मेजावर पसरलं. छापणारे एक म्हातारे बाबा होते. लाकडाचा ठप्पा रंगात बुडवायचा, माझ्यावर ठेवायचा आणि वरून मुठीचा ठोका द्यायचा, हे त्यांचं काम. पण ठोका देण्याआधी दर वेळी ते मान वाकवून बघायचे, नवी नक्षी मागच्या नक्षीला जुळली आहे ना. घाई केलेली त्यांना खपायची नाही. "एक बार बैठ गया तो बैठ गया," ते म्हणायचे, "फिर धोने से नहीं जाता."

ठोके खातच मी मोठी झाले म्हणा ना. पण त्या ठोक्यांनी माझ्या अंगावर फुलं उमटली, म्हणून त्यांचं कधी दुखलं नाही.

मग मी उज्जैनच्याच फ्रीगंज बाजारातल्या एका दुकानात टांगले गेले. शेजारच्या चादरी लग्नघरात जायच्या, नव्या पलंगावर पसरायच्या. मलाही तीच आशा होती. पण मला घेतलं वसंतबाबूंनी. ते उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकाहून बसने अर्ध्या तासावर असलेल्या एका छोट्या शहराच्या नगर परिषदेत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क आहेत. त्यांच्या सभागृहात कोणी मोठा अधिकारी पाहणीला येणार होता आणि बैठकीच्या टेबलावर ओरखडे पडलेले होते. ते झाकायला मी हवी होते. अधिकारी आला, चहा पिऊन गेला. मी मात्र तिथेच राहिले.

तर अशी मी परिषदेची झाले.

बैठक म्हणजे काय असतं हे मला तिथे कळलं. टेबलाभोवती पार्षद, म्हणजे नगरसेवक, बसायचे. मधल्या खुर्चीत अध्यक्ष दिलीपजी. वसंतबाबू उभे राहून विषय वाचायचे. पहिला विषय दर वेळी तोच, मागच्या बैठकीच्या कार्यवाहीची पुष्टी, म्हणजे तेव्हा ठरलेलं पक्कं करणं. मग नळ, नाल्या, दिवे, मोकाट गायी. भांडणं व्हायची, पण ती बहुतेक आपापल्या गल्लीतल्या नालीसाठी. चहा, कचोरी आली की भांडण मिटायचं. माणसं वाईट नव्हती हो. कोणाच्या घरी लग्न असलं की सगळे मिळून पत्रिका बघायचे, कोणाचे वडील आजारी असले की आधी त्यांची विचारपूस, मग विषय.

मंजुरीची रीत मात्र एकच. वसंतबाबूंनी विषय वाचला की दिलीपजी विचारायचे, "सर्वसम्मति है?" आणि सगळे टेबल वाजवायचे. टेबल म्हणजे मी. धपाधप हात पडायचे, चहा हिंदकळायचा, वसंतबाबू लिहायचे, 'सर्वानुमते मंजूर.' टेबल वाजलं की विषय मंजूर.

मला प्रत्येक हात ओळखू यायचा. अंगठ्या घातलेले जड हात, तंबाखू मळणारे हात. बायकांचेही हात होते. पण ते उशिरा पडायचे, आणि का ते सांगते.

बायकांच्या राखीव जागांवर निवडून आलेल्या पार्षदांचे नवरे मागच्या भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे. त्यांना सगळे पार्षदपतीच म्हणतात. टेबलाशी बसायला त्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी आपली एक पद्धत काढली होती. नवरा मागून खोकला की बायकोनं टेबल वाजवायचं. नाही खोकला तर गप्प बसायचं. बैठकीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, या गावात दमा फार आहे.

यातलाच एक हात जयूचा. जयू आमच्या गावच्या जुन्या मराठी घरातली सून. तिच्या नवऱ्याचं नाव गोपाळ. गोपाळनं मनापासून तिचा प्रचार केला, घरोघर फिरला, आणि ती निवडून आल्यावर तिची सगळी कामंही तोच करू लागला. सही जयूची, धावपळ गोपाळची. तोही बिचारा तिला त्रास नको म्हणूनच करायचा.

जयूनं पहिल्याच वर्षी माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "वसंतकाका, ही चादर कधी धुतली होती?"

"परिषदेकडे धोबी नाही ना, वहिनी."

"मग मी नेते. चहाचं तळं झालंय नुसतं."

तिनं मला घरी नेलं, भिजवलं, धुतलं आणि ओट्यावरच्या दोरीवर वाळत घातलं. किती वर्षांनी ऊन लागलं अंगाला! तिथेच मला माई भेटली.

माई हाटात भाजी विकते. गावचा हाट म्हणजे आठवड्याचा बाजार, पण माईसारख्या बायका आदल्या दिवसापासून टोपल्या भरतात आणि पहाटे निघतात. त्या दिवशी माई हाटावर जाता जाता जयूकडे गिलकी द्यायला थांबली. जयूनं तांब्या पुढे केला.

"नहीं बेटी, आज हाट है. आज पानी नहीं."

"इतनी गर्मी में?"

"पानी पिऊँ तो जाऊँ कहाँ?" माई हसत म्हणाली. "मर्द तो दीवार के पीछे चले जाते हैं. हम शाम तक बैठे रहते हैं मुँह सुखाकर. डॉक्टर बोला, किडनी खराब हो रही है. मैंने कहा, हाट के दिन तू आकर बैठ."

जयू हसली नाही. तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "माई, हाटाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात परिषदेची जागा रिकामी आहे. वहाँ औरतों के लिए शौचालय बनवाती हूँ. पक्का."

"बनेगा तब पिऊँगी तेरा पानी," असं म्हणून माईनं टोपली डोक्यावर घेतली.

धुतली जाऊन मी परत टेबलावर आले आणि पुढची बैठक भरली. त्या दिवशी दुपारी फार उकडत होतं. पंखा होता पण वारा नव्हता. कचोऱ्या येऊन पडल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. दिलीपजी म्हणाले, "वसंतबाबू, बचे हुए विषय एक साथ ले लो, छोटे-छोटे हैं." वसंतबाबूंनी भराभर वाचले. दिवे, नालीची जाळी, हाट मैदानाच्या रिक्त जागेवर दुकानं, कचरागाडीची दुरुस्ती.

"सर्वसम्मति है?"

धपाधप हात पडले. मागून गोपाळ खोकला. आणि जयूचाही हात पडला. धुतलेली होते ना मी, तिच्या तळव्याची रेघन्‌रेघ मला जाणवली.

सगळे उठल्यावर जयू मात्र बसून राहिली. "वसंतकाका, ती दुकानं हाटात कुठे होणार?"

वसंतबाबूंनी माझ्यावरच बोट टेकवलं. "हे बघा, हा हाट धरा. ही सडक. आणि हा उत्तरेचा कोपरा." त्यांचं बोट एका काळ्या फुलावर थांबलं.

जयूचा चेहरा उतरला. गोपाळ मागून आला. "चल ना, उशीर होतोय."

"अहो, तो कोपरा गेला. माईला मी तिथलंच कबूल केलं होतं."

"अरे देवा." गोपाळ खरंच चपापला. "मला कुठे माहीत? मागच्या खुर्च्यांवर सगळे म्हणाले, रूटीन विषय आहेत. म्हणून खोकलो."

"तुम्ही खोकलात आणि मी वाजवलं."

"आता काय करणार? मंजूर झालं ते झालं. दुसरी जागा बघू."

"दुसरी जागा नाही. तिकडे नाला, इकडे सडक." जयूनं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. घामानं ओले झाले होते. मग एकदम वर बघून म्हणाली, "काका, आपला पहिला विषय दर वेळी तोच असतो ना? मागच्या बैठकीची पुष्टी. ती कोणी नाहीच केली तर?"

वसंतबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तर विषय पुन्हा चर्चेला घेता येतो, वहिनी. पण आजवर कोणी पुष्टी केली नाही, असं झालेलंच नाही."

पुढची बैठक येईपर्यंत मी टेबलावर पडून विचार करत होते. भैरवगढचे बाबा आठवत होते. आपण एवढे ठोके खाल्ले, पण इथे ठोका देण्याआधी मान वाकवून बघणारा एकही माणूस दिसला नव्हता.

बैठकीचा दिवस आला. दिलीपजी सवयीनं म्हणाले, "पिछली बैठक की कार्यवाही की पुष्टि. सर्वसम्मति है?" हात पडू लागले. जयूनं दोन्ही तळवे माझ्यावर सपाट दाबून ठेवले.

"अध्यक्षजी, मेरी सम्मति नहीं है."

सगळे थांबले. दिलीपजी गोंधळले.

"भाभीजी, पर पिछली बार तो आपने भी टेबल बजाया था."

"बजाया था. बिना सुने बजाया था."

मागून गोपाळ खोकला. ही खूण नव्हती, घाबरून खोकला असणार. जयूनं वळून पाहिलं नाही. तो पुन्हा खोकला.

"गोपाळ भैया को कोई खाँसी की गोली दो यार," एक जण म्हणाला आणि सभागृहात हशा पिकला.

जयूनं हशा संपू दिला. मग तिनं सगळं सांगितलं. हाटातल्या बायका, कोरडी तोंडं, माईचं दुखणं, तो कोपरा. एका पार्षदानं हळूच म्हटलं, "सामने पेट्रोल पंप पर चली जाया करें."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अपर्णा बसायची. ती कधी बोलायची नाही. तिचा हात मला फक्त मागून खोकला आल्यावरच लागायचा. ती म्हणाली, "भाई साहब, टोपली किसके भरोसे छोड़कर जाएँ? आप बैठोगे भाजी बेचने?"

पुन्हा हशा, पण या वेळी तो वेगळा होता. भाई साहेबही हसले.

"ठीक है," दिलीपजी म्हणाले, "तो फिर से पूछ लेते हैं. विषय दोबारा खोलना है? जो पक्ष में हैं, टेबल..."

"टेबल नहीं," जयू म्हणाली. "हाथ उठवाइए. टेबल में पता नहीं चलता, किसका हाथ है."

मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. अपर्णाच्या खुर्चीला मागून बुटाचा धक्का बसला, तो माझ्यापर्यंत पोचला. तिची मूठ माझ्यावर आवळली गेली. एका फुलाच्या पार चुण्या झाल्या. दोन-तीन घसे खाकरले गेले. सगळं आता मागच्या भिंतीपाशी बसलेल्यांवर होतं, नेहमीसारखं.

तेवढ्यात गोपाळ उठला. त्याची प्लास्टिकची खुर्ची करकरली. सगळ्यांना वाटलं, हा आता बायकोला ओढून नेतो की काय. पण तो शेजारच्यांकडे वळून म्हणाला, "चलो भाई, बाहर चाय पीते हैं. यहाँ अपना वोट नहीं है."

"अरे बैठ ना, गोपाळ."

"उठा हो. तुमचा खोकलाही जाईल तिथे, आलं घातलेला चहा मिळतो."

कुरकुरत का होईना, ते सगळे त्याच्यामागून बाहेर पडले. जाताना गोपाळनं जयूकडे पाहिलं नाही. लाजला असावा.

दार लागलं. आता सांगते ते नीट ऐका. मी चादर आहे, मला मान वर करून बघता येत नाही. वर किती हात गेले, मला दिसले नाहीत. मला एवढंच कळलं की माझ्यावरचा एक तळवा उचलला गेला. तो जयूचा. मग बराच वेळ काही नाही. मग आवळलेली मूठ सुटली, चुणी मोकळी झाली, आणि अपर्णाचा हातही माझ्यावरून गेला. मग एक, मग आणखी एक. अंगठ्या घातलेले जड हातसुद्धा. जिथे जिथे हात उचलला जाई, तिथे तिथे मला गार वारा लागे. पंखा तोच होता. मला तो पहिल्यांदा लागला.

विषय पुन्हा उघडला. पूर्ण जिंकलो असं नाही हं. दुकानंही झाली, थोडी कमी, सडकेच्या कडेला. पण उत्तरेचा कोपरा बायकांसाठी राहिला.

पुढे सभागृहात नवी टेबलं आली, गुळगुळीत, काचेची. काचेवर हात आपटवत नाही, म्हणून आता तिथे हातच वर करतात. मला घडी घालून कपाटात ठेवलं. वाटलं, संपलं आपलं. पण एके दिवशी कपाट उघडलं आणि जयूचा ओळखीचा हात आला.

"वसंतकाका, ही मी नेऊ? कोपऱ्यातलं बांधकाम झालंय, पण आत शिरायच्या जागेला अजून फाटक नाही. बायका लाजतात."

"न्या की. परिषदेचीच चादर, परिषदेच्याच कामाला. फाटकाचा विषय पुढच्या बैठकीत आहे."

तर सध्या मी हाटाच्या कोपऱ्यात असते, दोन खिळ्यांवर टांगलेली. पडदा म्हणतात मला. ऊन लागतं, रंग उडतो आहे, एका टोकाला बकरीनं चावलंय. फाटक येईल तेव्हा माझं काय होईल, ठाऊक नाही. येऊ दे बाई एकदाचं, मी अडून बसणार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी तुम्ही अशा टेबलाशी बसलात, तर हात खाली आणण्याआधी भैरवगढच्या बाबांसारखं एकदा मान वाकवून बघा, तो कुठे पडतो आहे. त्याला फार वेळ लागत नाही.

आता दुपार झाली आहे. माई येतेय. टोपलीकडे बघायला शेजारणीला सांगून, पदर खोचून, माझ्या बाजूच्या नळाशी आधी वाकली आहे. ओंजळ भरून पितेय, मग दुसरी, मग तिसरी. पाणी कोपरावरून ओघळतंय. आत जाताना ती मला बाजूला सारते आणि तिचे ओले हात माझ्याच एका काळ्या फुलाला पुसते.