इशारे बंद

"काका, तुमचं पान परत लाल झालंय," शिवांजली म्हणाली.

"दिसतंय मला." बलभीमनं मान वर केली नाही.

कळंबच्या पाणी-संस्थेत तो बावीस वर्षं कारकून होता. गावोगावची माणसं मोबाईलवरून विहिरीची पातळी भरत, त्यावरून टँकरची यादी निघे. पन्नाशीत आर ही संगणकाची भाषा शिकून त्यानं कळंब भागाचं संगणकावरचं पान स्वतः तयार केलं होतं. एखादा आकडा चुकला की त्यावर इशाऱ्याची इंग्रजी लाल ओळ उमटे आणि पान बंद पडे. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या शिवांजलीचं परांड्याचं पान मात्र कधी अडत नसे. संस्थेच्या प्रमुख सरांनी बैठकीत तेच सगळ्यांना दाखवलं. त्या दिवशी बलभीमला डबा गेला नाही.

विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्याला विचारायचं नव्हतं. त्यानं सगळे इशारे बंद केले, न वाचता येणारे आकडे पानाला सोडून द्यायला लावले. पान सुरळीत चालू लागलं.

"पोरगी आली आन् तुमचं पान सुधारलं, बलभीमराव," सर हसले. तेही त्याला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात एका वस्तीवरच्या लक्ष्मीबाई आल्या. "दर सोमवारी पातळी टाकतीय म्या. आमचा टँकर कुठं हाय?"

त्यानं त्यांचा मोबाईल पाहिला. पाणी ४२, ४३, ४५ फूट खोल. मराठी अंक. संगणकाला ते आकडे वाटलेच नव्हते, वस्ती टँकरच्या यादीतून गळली होती. इशारा आला असणार, तो त्यानंच गप्प केला होता.

त्यानं शिवांजलीचं पान उघडलं. तिच्याकडेही कुणीतरी तसेच अंक टाकले होते. खाली पिवळी पट्टी होती : 'या गावाचा आकडा वाचता आला नाही. इंग्रजी अंकांत पुन्हा टाका.' तिनं काहीच लपवलं नव्हतं.

बोलणं ऐकून सर बाहेर आले. "कुणाची चूक?"

"आमची दोघांची, सर," शिवांजली पटकन म्हणाली.

बलभीमनं तिच्याकडे पाहिलं. हुशारी तिची, कौतुक तिचं. आता मोठेपणाही तिनंच न्यायचा?

"न्हाय सर. तिचं पान बरोबर हाय. इशारे म्या बंद केले हुते."

सर आत गेले.

"मग टँकर कवा?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"उद्या, आक्का. बसा." त्यानं खुर्ची सरकवली, स्वतःची पाण्याची बाटली पुढं केली.

त्यांनी दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत दिली.

"एवढं बास," त्या म्हणाल्या.