थिएरीचे अश्रू

फ्रान्समधल्या बरगंडीच्या एका ख्रिस्ती मठात रोज सकाळी सगळे संन्यासी सभागृहात जमत आणि एकमेकांच्या चुका उघड सांगत. ज्याचं नाव निघे त्याने जमिनीवर पालथं पडायचं आणि 'दोष माझा' म्हणायचं. सबबी सांगायला बंदी. आज पालथा पडला होता थिएरी, नवशिक्यांचा गुरू.

आरोप करायला म्हातारा एव्हरार उभा राहिला. तर्कशास्त्रात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

"आपल्या मठातल्या आमेलला पुरताना हा स्तोत्र म्हणता म्हणता हुंदके द्यायला लागला. याच्यामुळे अख्खी रांग गायची थांबली. पोरांना हाच शिकवतो, की बुद्धी मालकीण आणि भावना मोलकरीण. आमेल देवाघरी गेलाय हे बुद्धीला ठाऊक आहे ना? मग रडं कसलं? एक तर याची शिकवण खोटी, नाहीतर रडणं. असला गुरू आम्हाला नको."

"थिएरी," मठाधिपती गोसलँ म्हणाले, "रडलो हा दोष माझा, एवढं म्हण आणि जा शिकवायला."

शिकवणं म्हणजे थिएरीचा जीव की प्राण. पण आमेल त्याचा जिवाभावाचा मित्र होता. त्याच्यासाठी रडणं पाप होतं, असं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"दोष माझा, बाबा," तो म्हणाला, "पण रडण्याचा नाही, शिकवण्याचा. आपल्या मित्राच्या, लाजराच्या थडग्याशी प्रभू येशू रडला. घटकाभरात आपण याला जिवंत उठवणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बुद्धीत काय कमी होतं? सगळं कळत होतं, तरी रडला. मीच पोरांना उलटं शिकवत आलो."

गोसलँनी एव्हरारकडे पाहिलं. "बोला पंडित, सापडतंय का उत्तर?"

एव्हरार जागेवरून उतरला, गुडघे धरत खाली वाकला आणि थिएरीच्या शेजारी पालथा पडला.

"दोष माझा, बाबा. आमेलला मातीत ठेवताना मलाही गलबलून आलं होतं. मी ते गिळलं, आणि वर त्याचाच तोरा मिरवला."

"उठा दोघंही." गोसलँ म्हणाले. "थिएरी, शिक्षा ऐक. आजपासून पोरांना पुन्हा पहिल्यापासून शिकव. या खेपेला बरोबर शिकव."

थिएरी उठला. आनंदाने त्याचा ऊर भरून आला होता. तो वर्गाकडे निघाला तेव्हा गाल ओले होते, आणि पोरं बघतील म्हणून ते पुसावेत असं त्याला मुळीच वाटलं नाही.