प्रयागची ओळ

आमच्या गावात कवितेत लिहिलेला माणूस जागेवर राहतो आणि न लिहिलेला सैल होतो. श्रावणापासून हे असं आहे. नगर परिषदेने ठराव करून लिहिण्याचं काम माझ्याकडे दिलं, कारण गावात कवी मी एकटाच. एकतीस वर्षं मोजणी खात्यात शेतांच्या हद्दी मोजल्या, त्यामुळे माझ्या ओळींची मापं चुकत नाहीत. बाकी त्यांत काय असतं ते लोकांनी कधी विचारलं नाही.

सुरुवात वर्तमानपत्रापासून झाली. कुठल्याशा दूरच्या देशात शाळेवर बॉम्ब पडल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्या शाळेच्या पायऱ्या वाढल्या. मुख्याध्यापिका साडेदहाला चढू लागल्या आणि मधल्या सुट्टीत वरून ओरडून म्हणाल्या, अजून वर्ग दिसत नाही. कुठेतरी नाव उलटून माणसं बुडाली, तर आमच्या पेठेतली दारं आपापली घरं सोडून दुसऱ्यांच्या घरांना जाऊन बसली. लोकांनी पेपर बंद केले. पण बातमी न वाचल्याने ती घडायची राहत नाही, त्यामुळे काही फरक पडला नाही.

पहिल्यांदा मी नारायण जोगदंड शिंप्याला लिहिलं. त्याचे पाय त्याच्या आधी दुकानात पोचू लागले होते. चार ओळी लिहिल्या, मात्रा मोजून, यमक घट्ट. नगर परिषदेतल्या कारकुनाला, शेषेराव वडजेला, त्या वाचून दाखवल्या, कारण मोठ्याने वाचल्याशिवाय कविता लागू होत नाही. संध्याकाळी जोगदंड जागेवर आला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो मशीनवर बसलेला, पाय पायट्यावर, सुई कापडात अर्धी उतरलेली. अंग गरम होतं. डोळे उघडे होते. तो अजून तसाच आहे. त्याची बायको त्याच्यावरची धूळ पुसते.

मी घाबरलो आणि भाजीवाल्या सरूबाईला मोकळं लिहिलं. मापं नाहीत, यमक नाही, सगळं विस्कटलेलं; जग जसं चाललंय तसं. तीन दिवसांनी तिची टोपली बसस्टँडवर दिसली आणि "मेथी घ्या मेथी" ही हाक टाकीच्या चौकात ऐकू आली. मध्ये सरूबाई कुठेच नव्हती.

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. नीट लिहिलं की माणूस थिजतो, विस्कटून लिहिलं की विखुरतो. मग मला युक्ती सुचली. ओळ मापात सुरू करायची, मध्ये थोडा गोंधळ सोडायचा आणि शेवटचा शब्द लिहायचाच नाही. शेषेरावावर प्रयोग केला. तो म्हणाला, "करा की कविराज, माजं काय जायचंय?" ओळ अशी होती:

शेषेराव छत्री विसरतो, परत येतो, चष्मा विसरतो,
परत येतो, छत्री मिळते, आणि पाऊस—

शेषेराव छान राहिला. जेवला, झोपला, साहेबांची बोलणी खाल्ली. मी खूश झालो. त्याच पद्धतीने महिनाभरात सहाशे माणसं लिहिली. फक्त एक सोडलं.

प्रयाग माझी बायको. लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्या महिन्याच्या शेवटी ती स्वयंपाकघरातून पाणी घेऊन निघाली आणि अंगणातून आत आली. मग तिचा डावा हात मागे राहू लागला. ती पलंगावर बसायची आणि हात ओट्यापाशी कणीक तिंबत असायचा. एकदा ती देवळातून परत आली तेव्हा मी पाहिलं की ती अजून देवळात जायला निघालीच नव्हती. दोघीजणी क्षणभर उंबऱ्यात एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अहो, सगळ्या गावाला लिवलंत," ती म्हणाली. "मलाच कामून लिवलं नाही?"

"लिहितो."

"माझ्यात लिवण्यासारखं काई नाही का?"

खरं कारण असं की मला भीती वाटत होती. एक शब्द जास्त पडला तर ती जोगदंडासारखी बसून राहील आणि मी आयुष्यभर तिची धूळ पुसेन. एक शब्द कमी पडला तर टाकीच्या चौकात तिची हाक ऐकत फिरेन. सहाशे माणसं लिहिताना एकही कागद फाडला नव्हता. प्रयागला लिहिताना अडुसष्ट कागद फाडले. शेवटी हे राहिलं:

प्रयाग दार उघडते, कोणी नसतं, तरी ‘या’ म्हणते,
मग भाजी करपते, मग खिडकी, मग ती काहीतरी—

मला ही ओळ आवडली. मी आजवर लिहिलेली ही एकमेव ओळ जिचं माप मला सांगता येणार नाही.

त्याच दुपारी शेषेराव आला. म्हणाला, "एकेकाचं ऑफिसात वाचून पुरायचं नाही आता. रोज नवं काईतरी घडायलंय, आधी वाचलेल्याचा जोर उतरायलाय. साहेब म्हनले, सगळी कविता एकदाच गावासमोर वाचा. शुक्रवारी, चार वाजता, सभागृहात."

मी हो म्हणालो. तिथेच चुकलो.

गावासमोर कविता वाचायची म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं. चाळीस वर्षं दर दसऱ्याला मी तिथे गझला वाचल्या आहेत. पहिल्या वर्षी लोक मख्खासारखे बसायचे. मीच त्यांना शिकवलं की गझलेत शेवटचा शब्द आधी ओळखायचा आणि कवीबरोबर मोठ्याने म्हणायचा. जो ओळखतो तो खरा रसिक. आता आमच्या गावातला हमालसुद्धा शब्द सोडत नाही. बाहेरगावचे कवी येतात ते याचं कौतुक करतात.

शुक्रवारी सभागृह भरलं. प्रयाग पहिल्या रांगेत बसली, जरीची साडी नेसून. मी माइकपाशी गेलो. लोक म्हणाले, "इर्शाद, इर्शाद!"

सुरुवात पाणीपुरवठा खात्यातल्या फकिराने केली, म्हणजे त्याच्या ओळीने. मी शेवटाला थांबलो आणि सगळं सभागृह एका आवाजात शब्द म्हणालं. बरोबर शब्द म्हणालं. मी तो मुद्दाम गाळला होता आणि त्यांनी तो अचूक ओळखला. टाळ्या पडल्या. चौथ्या रांगेत फकिरा टाळी वाजवत होता. त्याचे तळहात एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले ते थांबलेच.

मला वाटलं, चुकून झालं. पुढची ओळ मी घाईने वाचली. त्यांनी घाईने भरली. डॉक्टरीणबाई पर्समध्ये रुमाल शोधताना थिजल्या.

"मधे बोलू नका," मी म्हणालो. "शेवटचा शब्द मुद्दाम गाळलाय. तसाच राहू द्या."

लोक हसले. "कविराज परीक्षा घ्यायलेत," कोणीतरी म्हणालं.

"आणि पाऊस—" मी वाचलं.

"विसरतो!" सभागृह गरजलं. "वा! वा!"

शेषेराव स्टेजच्या पायरीवर बसला होता. दाद द्यायला वर केलेला त्याचा हात वरच राहिला. खाली उतरेल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. मीच शिकवलेली माणसं, मीच लावलेली सवय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

मी वाचन थांबवलं. कागद मिटले. तेव्हा सभागृहाचं दार मागे जाऊ लागलं. आधी शेवटच्या रांगेपासून दहा पावलांवर होतं, मग शेतभर लांब गेलं. ज्यांच्या ओळी वाचायच्या राहिल्या होत्या ते खुर्च्यांवरून पातळ होऊ लागले. मी प्रयागकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत होती आणि सातव्या रांगेतही थोडी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज माझ्या मागून, पडद्याआडून आला.

"प्रयाग," मी म्हणालो.

"अं?" ती तीन ठिकाणांहून म्हणाली.

मग मला वाचावंच लागलं. मी बाकी सगळे सोडून तिच्या ओळीवर आलो. माणूस स्वार्थी असतो, मीही आहे. मला ती हवी होती, करपलेल्या भाजीसकट, अर्धीमुर्धी का होईना, पण चालतीबोलती. मी माइक सोडून स्टेजच्या कडेला गेलो आणि दोन्ही हात जोडले. चाळीस वर्षांत मी त्यांना कधी हात जोडले नव्हते.

"ऐका," मी म्हणालो. "ही माझ्या घरातली ओळ आहे. शेवटचा शब्द तुम्हाला कळेल. सगळ्यांना कळेल. तो म्हणू नका. तोंडावर हात ठेवा. एवढी एकच ओळ सोडा मला."

या वेळी कोणी हसलं नाही. जे हलू शकत होते त्या सगळ्यांनी उजवा हात उचलून तोंडावर ठेवला. मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर दाताखाली धरला. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

मी वाचलं, "प्रयाग दार उघडते, कोणी नसतं, तरी ‘या’ म्हणते."

सातव्या रांगेतली प्रयाग उठून पुढे आली. पडद्याआडच्या बांगड्या पुढे आल्या. पहिल्या रांगेत ती एकच झाली, पूर्ण, डाव्या हातासकट. मला रडू आलं.

"मग भाजी करपते," मी वाचलं, "मग खिडकी, मग ती काहीतरी—"

आणि थांबलो.

सभागृहात शेकडो माणसं तोंडावर हात ठेवून बसली होती. मी हात वर धरला, ओळ अशीच राहू दे म्हणून. एक क्षण गेला. दुसरा गेला. प्रयाग माझ्याकडे बघत होती. मी काय सांगितलं ते तिने ऐकलं नव्हतं. तेव्हा ती तीन ठिकाणी होती. तिला एवढंच दिसत होतं की तिचा नवरा सगळ्या गावासमोर शब्द विसरून उभा आहे.

ती खुर्चीतून उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. घाबरू नका, मी आहे ना, असं ती डोळ्यांनी म्हणाली, आणि मला शब्द सुचवण्यासाठी, त्यातला पहिला ‘म’ उच्चारायला, तिने ओठ मिटले.