तेविसावा अभिप्राय

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून डकवलेला कागद उजव्या कोपऱ्यात सुटला होता. फार नाही, चारेक मिलिमीटर. पण डिंकानं लावलेला कागद एवढा सुटायला पुस्तक वीस-पंचवीस वेळा तरी उघडावं लागतं, हे शिवकन्येला ठाऊक होतं. मानवतच्या या वाचनालयात इतक्यांदा उघडली जाणारी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

ग्रंथपाल चंद्रभानकाकांची एक रीत होती. प्रत्येक नव्या पुस्तकामागे ते कोरा कागद डकवत. पुस्तक वाचणाऱ्यानं त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. शिव्या द्या की ओव्या गा, पण नाव लपवायचं नाही. बहुतेक पुस्तकांवर तीन-चार अभिप्राय साचत. ‘झोपेचा ठेका’वर बावीस होते. शिवकन्येनं दोनदा मोजले.

कादंबरी राजनंदिनीची होती. परभणीला बी.एस्सी.ची तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. राजनंदिनी आता पालमला शिक्षिका होती, आणि शिवकन्या मानवतला माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. गोष्ट पुढच्या शतकातली. एक कंपनी माणसांच्या डोक्यात तार बसवून त्यांची झोप ठेक्यानं घेते आणि निजलेल्या मेंदूंवर आपली यंत्रं चालवते. पिंगळी गावची एक मुलगी कंपनीच्या जाळ्यात शिरते आणि गावाची झोप पळवून परत आणते.

शिवकन्येनंही एक कादंबरी लिहिली होती, तीही उद्याच्या काळातली. ती चार वर्षांपूर्वी पूर्ण झाली आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत, पीएच मीटरच्या रिकाम्या खोक्यात पडून होती. ती कुणाला वाचायला द्यावी की नाही, हे चार वर्षांत ठरलं नव्हतं. राजनंदिनीनं फोनवर विचारलं की ती म्हणे, “थोडं राहिलंय.” मग एक दिवस राजनंदिनीनं विचारणं सोडलं आणि स्वतःचं पुस्तक छापून आणलं.

पुस्तक आपल्या नावावर घरी न्यायला तिचा जीव होईना. ती संध्याकाळी वाचनालयातच बसून वाचायची, आणि आधी कागद उलटायची.

‘पैली वीस पानं काईच कळालं न्हाई. मंग कळालं, हे तर आपलंच गाव हाय. बन्सीधर, निवृत्त कंडक्टर.’

‘बॅटरी एवढी टिकत नसती. बाकी खरं हाय. माऊली, बॅटरीचं दुकान.’

‘लय भारी! व्हिलन अजून खतरनाक पायजे होता. निकिता, बारावी सायन्स.’

इथवर तिनं गोड मानून घेतलं असतं. पण बाविसावा अभिप्राय निकिताच्याच अक्षरात होता आणि खाली वेडीवाकडी सही होती. ‘नातीनं वाचून दाखवलं. त्या पोरीच्या मायला शेवटी झोप लागली तवा मी रडले. सरजाबाई.’

सरजाबाई! अकरा वर्षं प्रयोगशाळेत काचसामान धुणारी सरजाबाई. जेवणाच्या सुट्टीत मॅडम वहीत काय खरडतात, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि राजनंदिनीसाठी ती रडली.

चंद्रभानकाका चहाला गेले होते. तिनं पेन काढलं आणि बाविसाव्याखाली लिहिलं, ‘पान ११२. चार डेसिसायमन इतक्या खारट बोअरच्या पाण्यानं यंत्रं थंड ठेवली आहेत. दोन महिन्यांत नळ्या बुजतील. लेखिकेचं विज्ञान कच्चं आहे.’ सही न करता पुस्तक फळीवर ठेवलं. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

रविवारी दुपारी वाचनालयात राजनंदिनीची वाचकांशी भेट होती. माणसं बाकांवर मावली नाहीत. शिवकन्या शेवटच्या रांगेत सरजाबाईशेजारी बसली. राजनंदिनी एकेक अभिप्राय मोठ्यानं वाचू लागली. प्रत्येकाला हशा, प्रत्येकाला टाळ्या. शिवकन्या तेविसाव्याची वाट पाहत होती.

राजनंदिनीनं तो वाचला. ‘कच्चं आहे’पाशी तिचा आवाज जरा खाली गेला. याच क्षणासाठी तर शिवकन्या आली होती. तो सुखाचा होता, पण पुरता एक श्वासभरसुद्धा टिकला नाही. कारण राजनंदिनी थांबली नव्हती. तिनं शेवटचा शब्दही वाचला, “तपासले.”

खोलीत खसखस पिकली.

शिवकन्येचे कान तापले. तिनं माती तपासणीच्या प्रत्येक कार्डाखाली अकरा वर्षं हाच शब्द लिहिला होता, आणि त्याखाली दोन आडव्या रेघा. त्या अभिप्रायाखालीही तिच्या नकळत हात सवयीनं चालला होता. मानवतमध्ये ज्याच्या घरी बिघाभर रान होतं, त्याच्या घरी ते कार्ड होतं.

“रेघा पण हायत का दोन?” बन्सीधरनं विचारलं.

“आहेत.”

“मंग खरंच असंल ते. माझ्या रानाचं बी त्यांनी बरोबरच सांगितलं व्हतं. पर ‘कच्चं’ असं काई आमच्या कार्डावर नसतंय बरं का!”

माणसं मागं वळून पाहू लागली. सरजाबाई तेवढी वळली नाही. समोर बघतच हळू म्हणाली, “मॅडम, उठा आता.”

शिवकन्या उठली. “मी लिहिलंय.”

“लिहा की,” चंद्रभानकाका म्हणाले, “पण सही कुठाय? या पुढं. नियम सगळ्यांना एकच.”

ती पुढं गेली. काकांनी पेन दिलं. तिनं सही केली. राजनंदिनी तिच्या बोटांकडं पाहत होती.

“पाण्याचं चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. पण ‘कच्चं’ लागलं गं. मला विचारायचं तरी. अन् छापायच्या आधी दाखवायचं म्हणलं तर तू फोनच उचलला न्हाईस.”

“माहितीये.” तिनं मुद्दामच उचलला नव्हता.

“जळतीस का माझ्यावर?”

एवढ्या लोकांसमोर कुणी असं विचारत नाही. पण कॉलेजच्या बाकावरची राजनंदिनी नेहमी असंच विचारायची.

“हो,” शिवकन्या म्हणाली. “तुझ्या पुस्तकावर न्हाई. या कागदावर. सरजाबाई रडल्या तुझ्यासाठी.”

“वाचाय दिलं म्हणून रडले,” सरजाबाई मागून म्हणाली. “तुमी त्या खोक्याला हात लावू देता का? मी आपली दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसते.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी मऊ. राजनंदिनी हसली नाही. तिनं पुस्तक मिटलं आणि जुन्याच सुरात विचारलं, “काय मग? थोडं राहिलंय?”

शिवकन्येनं त्या सुटलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. बावीस अभिप्राय, त्यात एक रडणं. तिच्या कागदावर कदाचित तीनच येतील. कदाचित कुणी पान क्रमांकासकट चूक दाखवील, आणि खाली दोन रेघा ओढील.

“काही राहिलं नाही,” ती म्हणाली. “चार वर्षांपूर्वीच झालीये. काका, उद्या आणून देते. मागं कागद डकवून ठेवा.”