पाच धुराडी

गल्ली केवढी? या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस दचकेल, एवढी. आणि तिच्यात बेकऱ्या किती, तर पाच! खाणारी तोंडं मात्र होती तेवढीच. एक बेकरी होती तेव्हा जेवढे पाव खपायचे, तेवढेच आता पाच जणांत वाटले जात होते. नवीन दुकान आलं म्हणून कोणी दोन घास जास्त खाल्ले, असं काही झालं नव्हतं.

पहिली बेकरी थोरलीची. नवरा गेल्यावर बाईने एकटीने पीठ मळलं, पण भट्टी विझू दिली नाही. मग धाकट्या दिराने बरोबर समोर आपली भट्टी घातली. "वहिनी, मलाही पोट आहे," म्हणाला. खरंच होतं, काय बोलणार? त्याचं बघून आणखी तिघे आले.

या धंद्याची एक खोड आहे. विटांची भट्टी एकदा गार पडली की तापायला दोन दिवस लागतात. शंभर पाव भाजा नाहीतर दहा, लाकूड तेवढंच जळतं. आणि गिऱ्हाईक आधी बघतं ते धुराड्याकडे. धूर आहे म्हणजे पाव ताजा, धूर नाही म्हणजे दुकान बसलं. म्हणून पाचही जण दिवसभर धूर काढत राहायचे, आत पाव असो नसो.

त्या आठवड्यात थोरलीची लाकडं संपली. आधी भिंतीवरच्या फळ्या गेल्या, मग बाकडं, मग नवऱ्याची खुर्ची. खुर्ची पेटली तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. तिने खुर्चीचा एक पाय ओढून बाहेर काढला, तोवर तो अर्धा जळला होता. "कोणासाठी करतेय मी हे?" ती भट्टीवरच ओरडली. आत भाजायला नऊ पाव होते. नऊ!

शेवटी अभिमान गिळून ती चार लाकडं मागायला समोर गेली, मागच्या दाराने. दीर भट्टीपुढे उकिडवा बसून पोरांचा जुना पाळणा फोडत होता. भट्टीत आग होती. पाव एकही नव्हता.

"तुझंही असंच?" तिने विचारलं.

त्याला रडूच फुटलं. "वहिनी, खोटं कशाला बोलू? तुमची भट्टी विझली की माझं चालेल, या आशेवर तग धरलाय. रोज उठून आधी तुमचं धुराडं बघतो. आणि धूर असतोच! असतोच!"

थोरली राग तरी कोणत्या तोंडाने करणार? तीही रोज उठून तेच बघत होती.

"ऐक," ती म्हणाली. "तुला लेकरं आहेत, तुझी राहू दे. माझी मी विझवते. पीठ मळून इकडे आणत जाईन. दोघांचा माल, एकच आग."

आणि विझवली. निखारे बाहेर ओढले आणि विटा गार होईपर्यंत त्यांच्यावर हात ठेवून बसली. भट्टीची खोली घरमालकाला परत दिली, मागची तेवढी राहायला ठेवली.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी एक चष्मेवाला किल्ली घेऊन आला. "मावशी, ही खोली मी घेतलीय. बेकरी टाकतोय."

"अरे, वेड लागलंय का तुला? इथे आहेत त्यांनाच पुरत नाही!"

"नोकरी सोडून आलोय, उगाच नाही. महिनाभर कोपऱ्यावर उभा राहून बघितलंय. पाच धुराडी, दिवसभर धूर! धंदा नसता तर कोणी एवढं लाकूड जाळलं असतं?"

"लाकूड कुठलं, आम्ही घरातल्या खुर्च्या जाळत होतो रे!" तिने धावत जाऊन तो जळका पाय आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"नव्या माणसाला सगळे असंच घाबरवतात," तो हसला. "पेटवण बरं आहे हे. ठेवून घेऊ?"

दिराला हे सांगायला तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू, म्हणत तिने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिठाची परात घेऊन ती रस्ता ओलांडत होती. दीर दारातच उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या डोक्यावरून पलीकडे, वर बघत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही भट्टी पेटवलीत?"

"मी नाही रे! ऐक तर!"

तो ऐकायला थांबलाच नाही. ती परात घेऊन दारापर्यंत पोचली, तोवर आतून भट्टीत घालायला पावांची मांडणी फोडल्याचा आवाज येऊ लागला होता.