कुंताबाईंच्या झोळीचा कागद

हिंगणघाटच्या बाजारात मनोहररावांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा अर्धा ग्लास देणारा माणूस. तेच मनोहरराव उन्हाळ्यापासून तानबा पोस्टमनला रोज अकरा वाजता कपभर चहा पाजू लागले, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी ताडलं, की यांचं काहीतरी मोठं टपाल यायचंय.

टपाल त्यांच्या बायकोचं होतं. कुंताबाईंनी कापूस वेचायची एक झोळी शिवली होती. भार मानेवर न येता खांद्यांवर आणि कमरेवर यायचा, आणि खालची गाठ सोडली की कापूस आपसूक ढिगावर पडायचा. वेचणाऱ्या बाया तीच झोळी मागू लागल्या. नालवाडीला दिलेली मुलगी, मंजुषा, हिनं त्या डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज आईच्या नावानं भरला. ईमेलही आईच्याच फोनवर काढून दिला.

मनोहररावांनी कागदाआधी फ्रेम आणली, दुकानात खिळा ठोकला. मंजुषानं एकदा सांगून पाहिलं, की बाबा, आता सर्टिफिकेटही फोनवरच येते. ते म्हणाले, अर्ज जाते फोनवरून, शिक्क्याचा कागद सही घेऊनच देतात. दुकानाचा परवाना तसाच आला होता ना.

आषाढात कुंताबाईंनी अंथरूण धरलं. उशाशी फोन, भजनं ऐकायला. रोज दुपारी विचारायच्या, तानबा येऊन गेला का जी? मनोहरराव उद्यावर ढकलायचे. एकदा त्या म्हणाल्या, "माह्यं नाव त्याच्यावर कसं दिसते, तेवढं पाह्याचं होतं."

पोळ्याच्या दिवशी त्या गेल्या. तेरवीला फोटोसाठी फ्रेम लागली. घरात रिकामी अशी एकच होती. ती फोटोसकट त्याच खिळ्यावर चढली.

दोन दिवसांनी मंजुषा आईच्या फोनमधले फोटो काढून घेत होती. घेता घेता थांबली. मग दुकानात येऊन तिनं फोन बापासमोर धरला. पडद्यावर शिक्का, नंबर, आणि आईचं पूर्ण नाव.

"कधी आलं हे?"

"राखीच्या दिवशी, बाबा. कोणी उघडलंच नाई."

राखी ते पोळा, पंधरा दिवस. पंधरा दिवस कागद कुंताबाईंच्या उशाशी होता, आणि आमचे मनोहरराव सायकल काढून पोस्टात विचारायला जात होते.

मंजुषा म्हणाली, रंगीत छापून आणते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि नको म्हणाले. तेवढा फोन मात्र परत दिला नाही. चष्मा पुसून ते नावावर बोट ठेवत, आणि बोट लागलं की नाव मोठं होऊन पडद्याबाहेर जाई.

दुसऱ्या दिवशी अकराला तानबा आला. पायरीवरूनच बोलला, "मालक, आज बी नाई."

मनोहररावांनी कप काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"येऊन गेलं," ते म्हणाले. "तू चहा घे."